काटा वर येत नाही

नाशिकच्या कुठल्याही गॅरेजात जाऊन ‘गाडी गरम होतेय’ म्हणा, चार जण बोनेटभोवती गोळा होतात. ‘गाडी गरमच होत नाहीये’ म्हणा, सगळे हसतात. ‘मग चांगलंच आहे की!’ गेल्या डिसेंबरात मला हे उत्तर तीन ठिकाणी मिळालं.

त्यांचंही बरोबर. कसारा घाटात बोनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या बघतच आपण मोठे झालो. थंड इंजिनाने कुणाला घाटात उभं केलंय असं ऐकलंय का कधी? त्यामुळे काटा तळाशी पडून राहिला तर तो आजार आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आमच्या गाडीला मात्र गरम व्हायलाच हवं होतं. आई आठवड्यातून दोनदा निफाडहून नाशिकला डायलिसिसला जाते. सकाळी ७ चा नंबर, म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत वाचली असेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात पेपरात येत असतो: ६ अंश, ५ अंश, कधी त्याच्याही खाली. मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात. डायलिसिसच्या पेशंटला एरवीही थंडी जास्त वाजते. आणि आमच्या ११ वर्षांच्या डिझेल गाडीचा हीटर नांदूर नाका येईपर्यंत गार वारा फेकायचा. आई काही बोलायची नाही. शालीवर शाल, त्यावर अण्णांचा स्वेटर.

गाडीच्या हीटरला स्वतःची शेगडी नसते. इंजिनातून तापून आलेलं कूलंट एका छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. म्हणून पहिला प्रश्न असा, की हीटर बिघडलाय की इंजिनच गार आहे? काट्यावर माझा भरवसा नव्हता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल मागवला. मोबाइलवर कूलंटचं तापमान थेट आकड्यात दिसतं. पहाटे इंजिन चालू करण्याआधी आकडा बघितला: ७. बाहेरची हवाही तेवढीच होती. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. कूलंटची पातळी बरोबर होती, रेडिएटरचा पंखाही उगाच फिरत नव्हता.

मग आईला हॉस्पिटलात आत सोडून मी गाडी ओझरच्या दिशेने हायवेवर काढली. ८० चा वेग धरला तर आकडा ५६ च्या वर जाईना. ओझरला इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं उभा राहिलो, तो ७० वर चढला. पुन्हा निघालो, पुन्हा घसरला. उभं राहिलं की तापतं आणि पळालं की निवतं, ही खूण पक्की. संशय थर्मोस्टॅटवर.

गॅरेजात याला नुसतं ‘वॉल’ म्हणतात. लिंबाएवढी वस्तू. आत मेणाची डबी. मेण वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं, दार उघडतं आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातच घुमत राहतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. बहुतेक गाड्यांत हे दार ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतं. सर्जियस व्हर्ने नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात अमेरिकेत मेणाची ही युक्ती काढली आणि ती आजही तशीच चालते. ना वायर, ना चिप. मला हे फार आवडतं. दार उघडंच अडकलं, तर रेडिएटर पहिल्या मिनिटापासून इंजिन निववत बसतो. त्यात डिझेल इंजिन मुळातच कमी उष्णता वाया घालवतं, त्यामुळे ते सावकाश तापतं.

द्वारकेजवळच्या एका मिस्त्रींनी हे सगळं न हसता ऐकलं आणि दोन बोल्ट काढले. दार अडकलेलं नव्हतं. आत वॉलच नव्हता.

‘काढून टाकलाय कुणीतरी,’ ते म्हणाले.

उलगडा अण्णांकडून झाला. मे महिन्यात चांदवडच्या घाटात गाडी तापली होती. तिथल्या एकाने वॉल काढला आणि म्हणाला, ‘आता टेन्शनच नाही काका.’ आपल्याकडे ही सर्रास रीत आहे. वॉल कधी बंद अवस्थेत अडकला तर इंजिन खरंच उकळतं, म्हणून तो मुळातच नको. ताप आला की थर्मामीटर फेकून द्यावा, त्यातला हा प्रकार. किंमत नंतर आणि गुपचूप चुकती होते. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त डिझेल सोडत राहतो. न जळलेलं इंधन आणि ओल ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होतं, झीज वाढते. आमचं ॲव्हरेज १९ वरून १६ वर आलं होतं आणि अण्णा त्याचा दोष पंपवाल्याला देत होते.

नवा वॉल मी आधी घरी आणला. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकणार नाही असा सोडला. सोबत थर्मामीटर. ‘आता हे काय शिजवतोयस?’ आईने विचारलं. तीही बघत उभी राहिली. ८० पर्यंत काहीच नाही. ८३ ला फट दिसली, मग दार हळूहळू उघडत गेलं. गॅस बंद केल्यावर तसंच सावकाश मिटलं. आई म्हणाली, ‘परत लाव.’ परत लावलं.

वॉल बसवल्यापासून चांदोरी यायच्या आत काटा मध्यावर येतो आणि हायवेवरही तिथेच राहतो. परवा पहाटे आईने काच थोडी खाली घ्यायला सांगितली.

चांदवडला गाडी का तापली होती, हे मात्र मे महिन्यात कुणी बघितलंच नव्हतं. मिस्त्रींनी रेडिएटरच्या जाळीवर बॅटरी मारून दाखवली. बाहेरून माती आणि चिलटं, आतून गंज. निम्मी जाळी बुजलेली. हिवाळ्यात निभावेल म्हणाले. फेब्रुवारीत तो उतरवून रॉडिंगला टाकायचाय. चार-पाच तासांचं काम आहे, म्हणजे डायलिसिसचा दिवस सोडून.