पारख्यांचे गाव

इंडियानापोलिस हे काही प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करून जावे असे शहर नव्हे. न्यूयॉर्कला समुद्र आहे, शिकागोला सरोवर आहे. इथे मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेते आहेत आणि डोंगर औषधालासुद्धा नाही. शहराच्या मधल्या चौकात २८४ फूट उंचीचा सैनिकांचा स्मारकस्तंभ आहे. मे महिन्यात मोटारींची पाचशे मैलांची शर्यत होते, तेवढ्यापुरते जगाचे लक्ष इकडे वळते. माझी मुलगी आणि जावई तिथे राहतात म्हणून मी गेलो, एरवी गेलो नसतो.

पण २०२५ च्या फेब्रुवारीअखेर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, मी पाहिले तर गावात खोली मिळायची मारामार! हॉटेले, अधिवेशनगृह आणि स्टेडियम ही तिथे बंद वाटांनी एकमेकांना जोडलेली आहेत. त्या वाटांवर हातात वह्या घेतलेली, टोप्या घातलेली, पोट सुटलेली पोक्त माणसे घाईघाईने येत-जात होती. "आजोबा, हे सगळे पारखी आहेत," माझ्या नातवाने मला सांगितले. "कसले? सोन्याचे?" मी विचारले. "नाही, माणसांचे!"

ही काय भानगड आहे ते आधी सांगायला हवे. फूटबॉल म्हटले की आपल्याला पायाने खेळायचा चेंडू आठवतो. अमेरिकन फूटबॉलचा चेंडू लांबोडका असतो आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. एका बाजूने तो घेऊन पुढे घुसायचे, दुसऱ्या बाजूने त्यांना आडवे पाडायचे, असा तो शिरस्त्राणे घालून खेळायचा धसमुसळा खेळ. त्यात क्वार्टरबॅक हा चढाईचा सूत्रधार. चेंडू कोणाकडे फेकायचा ते त्याने दोन-तीन क्षणांत ठरवायचे, तेही समोरून तीन-तीन मणांची धिप्पाड माणसे अंगावर येत असताना.

हा खेळ मुले कॉलेजात शिकतात. कॉलेजच्या सामन्यांनाही तिथे लाखलाख माणसे जमतात. मग दरवर्षी एप्रिलमध्ये व्यावसायिक लीगचे ३२ संघ या मुलांची आपसांत वाटणी करून घेतात. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला पहिली निवड, असा न्याय आहे. सात फेऱ्यांत अडीचशेच्या वर मुले उचलली जातात. आपण कुठल्या गावी जायचे हे मुलाच्या हाती नसते.

या वाटणीआधी सगळ्यांना एके ठिकाणी बोलावून तपासायचे, म्हणून इंडियानापोलिसला १९८७ पासून ही जत्रा भरते. देशभरातून तीनशेवर मुले येतात. मूळ हेतू वैद्यकीय तपासणीचा. प्रत्येक संघाने आपापल्या डॉक्टरकडून त्याच गुडघ्याची चिकित्सा करण्यापेक्षा सगळ्यांनी एकदमच करावी, हा सोयीचा विचार. पण माणूस एकदा मोजायला लागला की थांबत नाही. उंची, वजन, हाताची लांबी, इतकेच काय, वीतसुद्धा मोजतात! अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. २०२२ साली केनी पिकेट नावाच्या क्वार्टरबॅकची वीत साडेआठ इंच भरली, तर वर्तमानपत्रांत तिचीच चर्चा. एवढ्याशा पंजात ओला चेंडू कसा मावणार? त्याआधी बरीच वर्षे बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिमत्ता चाचणीही असे. ती २०२२ मध्ये बंद झाली.

नाव नोंदवले की थोड्या प्रेक्षकांना फुकट आत सोडतात. लुकास ऑइल स्टेडियम हे बाहेरून विटांचे, उतरत्या छपराचे, एखाद्या अवाढव्य जुन्या व्यायामशाळेसारखे दिसते. आत शिरलो तर एवढ्या जागेत गडबड अशी नाहीच. हिरव्या मैदानावर एक मुलगा वाकून उभा, बाकी सारे स्तब्ध. तो चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, धावतो. साडेचार सेकंदांत खेळ खलास! आयुष्याची आठ-दहा वर्षे ज्याच्यासाठी घाम गाळला ते आपण एक घोट चहा घेईपर्यंत संपते. तो मुलगा धापा टाकत मागे वळून फलकाकडे बघतो, आणि त्याच्या तोंडावरून आकडा कळतो.

मला राहून राहून आपल्याकडच्या मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाची आठवण येत होती. जरा चालून दाखव, उंची किती, चष्मा आहे का, घरात कोणाला काही आजार? इथेही तेच. संध्याकाळी मुलाला एका खोलीत बसवतात आणि समोर एका संघाची सात-आठ वडील मंडळी बसून प्रश्न विचारतात. फरक इतकाच, की पोहे नसतात.

ही तुलना हसण्यावारी नेता येते, पण सगळीच नाही. मैदानावरची बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय असतात आणि वजनकाट्यासमोर अर्धउघडे उभे केलेल्यांकडे वहीत डोके घालून बघणारे बरेचसे गोरे. ज्या देशात एके काळी माणसे विकली जात, तिथे हे दृश्य पाहून काहींच्या मनात नको ती आठवण जागी होते आणि ते तसे उघड बोलतातही. मुले स्वखुशीने येतात, कोट्यवधी डॉलरांच्या आशेने येतात, हे खरे. तरी मला ते वजन करणे बघवले नाही. मी त्या वेळी फलकाकडे पाहत होतो.

संध्याकाळी जावयांनी आम्हाला सेंट एल्मो नावाच्या खानावळीत नेले. १९०२ सालापासूनची ही जागा. जत्रेच्या दिवसांत सगळे पारखी आणि प्रशिक्षक इथेच भेटतात. कोळंबीबरोबर मिळणारी तिखट चटणी ही तिची ख्याती. आम्ही शाकाहारी, म्हणून ती बटाट्याला लावून चाखली. हॉर्सरॅडिशचा झणका थेट मेंदूत गेला आणि डोळ्यांतून धारा! शेजारच्या टेबलावरचे एक वयस्क गृहस्थ समाधानाने हसले. तिथे सगळीकडे एकच बोलणे चालू होते: अमका कसा निघेल, तमका कसा निघाला.

या धंद्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. अगदी पहिला निवडलेला खेळाडू शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडकही सर्वांत आधी त्यालाच मिळालेला. आणि हा पठ्ठ्या व्यावसायिक फूटबॉल एक दिवसही खेळला नाही! पैशाचे जमले नाही. तो धंद्यात पडला आणि सुखी झाला. तो करंडक कित्येक वर्षे एका वडीलधाऱ्या नातेवाईक बाईंच्या घरी दार उघडे ठेवण्यासाठी लावलेला असे, असे सांगतात. म्हणजे पहिल्या निवडीपासूनच पारख्यांच्या पदरी हा धडा होता.

त्या काळी संघमालक मासिके वाचून नावे काढीत. पगारी, पूर्णवेळ पारखी नेमायला लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने १९४६ मध्ये सुरुवात केली. पुढे १९६० नंतरच्या दशकात डॅलसच्या काउबॉइज संघाने तर यंत्रालाच कामाला लावले. आणि या यंत्राला शिकवणारा कोण? भारतातून गेलेला सलाम कुरेशी नावाचा संख्याशास्त्रज्ञ! तो आयबीएमच्या एका शाखेत कामाला होता आणि अमेरिकन फूटबॉलमधले त्याला ओ का ठो कळत नव्हते. त्याने प्रशिक्षकांना एकच सवाल केला: चांगला खेळाडू म्हणजे नेमके काय, ते मला शब्दांत सांगा. पुष्कळ घोळ घालून शेवटी पाच गुण उरले: चारित्र्य, चपळाई, जिंकण्याची ईर्षा, बुद्धीची तरतरी आणि ताकद. बघा, पाचांतले तीन तरी फूटपट्टीत बसत नाहीत.

जे फूटपट्टीत बसत नाही ते पाहायला थांबावे लागते. बिल नन हे पिट्सबर्गच्या एका कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे क्रीडासंपादक. दक्षिणेतली कृष्णवर्णीयांची लहान कॉलेजे बाकीच्या पारख्यांच्या वाटेवर नसत. ननना ती घरच्यासारखी. पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाने त्यांना पारखी म्हणून घेतले. अलाबामातल्या अशाच एका कॉलेजात जॉन स्टॉलवर्थ नावाच्या मुलाला ओल्या जमिनीवर धावायला लावले. वेळ खराब आली. सगळे पारखी वह्या मिटून गेले. नन म्हणाले, मला बरे वाटत नाही, मी राहतो. आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जागी त्याला पुन्हा धावायला लावले, अशी ही गोष्ट सांगतात. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी स्टॉलवर्थला चौथ्या फेरीत घेतले. त्या एका वर्षाच्या निवडीतली चार मुले पुढे फूटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात जाऊन बसली. स्टॉलवर्थ त्यांतलाच एक. स्वतः ननना तो मान २०२१ मध्ये, मृत्यूनंतर, मिळाला.

बरे, शहाण्या पारख्यांनी शंभर डोळ्यांनी पाहिले तर चूक टळते का? स्टेडियमच्या बाहेर पेटन मॅनिंगचा पुतळा आहे. १९९८ साली देशभर एकच वाद पेटला होता: मॅनिंग की रायन लीफ? दोघेही क्वार्टरबॅक. इंडियानापोलिसच्या कोल्ट्सनी मॅनिंगला पहिला घेतला; सॅन डिएगोच्या संघाने केवळ तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर येण्यासाठी भलीमोठी किंमत मोजून लीफला घेतले. लीफ चार वर्षांत खेळातून बाहेर पडला. पुढे वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन, चोरी आणि तुरुंग. २०१४ च्या अखेरीस तो सुटला आणि व्यसनातून बाहेर येऊन आता इतरांना त्याबद्दल सांगत फिरतो. मला वाटते, ही काही लहान कामगिरी नव्हे.

मॅनिंगचे मात्र एक विसरतात. पहिल्या वर्षी त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या हातात २८ वेळा चेंडू दिला, नवख्याच्या नावावर तो विक्रमच. कोल्ट्स सोळांपैकी तीन सामने जिंकले. तरी संघाने त्याला बाजूला केले नाही. सून पहिल्या वर्षी पोळ्या करपवते म्हणून कोणी तिला माहेरी धाडत नाही. निदान शहाण्या घरातले तरी धाडीत नाहीत. त्याच मॅनिंगने पुढे पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब आणि दोनदा सुपर बोल जिंकला.

याउलट २०२३ साली याच मैदानावर अँथनी रिचर्डसन नावाच्या मुलाने क्वार्टरबॅकांमध्ये उंच उडीचा आणि लांब उडीचा विक्रम केला. कोल्ट्स भुलले, चौथ्या क्रमांकाला त्याला घेतले. माझा नातू त्याचे नाव पाठीवर असलेला सदरा घालून हिंडत असे. मी परत आल्यावर ऑगस्टमध्ये नातवाचा फोन आला: त्याची जागा डॅनियल जोन्सला मिळाली. हा जोन्स म्हणजे न्यूयॉर्कच्या संघाने २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकाला घेतलेला आणि २०२४ मध्ये सोडून दिलेला. आणि चाळीस यार्डांत ४.२२ सेकंदांचा विक्रम २०१७ साली करणारा जॉन रॉस? नवव्या क्रमांकाला त्याची निवड झाली. पहिल्या हंगामात त्याने एकही चेंडू झेलला नाही.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघा विद्वानांनी (थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) हिशेब मांडला: एकाच जागी खेळणाऱ्या दोघांपैकी आधी निवडलेला, त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता शेकडा ५२. म्हणजे एवढे डॉक्टर, एवढी यंत्रे, एवढ्या वह्या, आणि फरक पडला तो छापाकाट्यापेक्षा शेकडा दोनाचा!

हे ऐकून पारख्यांना हसावेसे वाटते, पण ते बरोबर नाही. ही मंडळी शरदात गावोगाव हिंडतात, मुलाच्या सरावाला तासन् तास उभी राहतात, भांडारातल्या माणसाला विचारतात की हा तुझ्याशी नीट बोलतो का? त्यांना मूल दिसते. ते ज्या घरी पडणार ते घर दिसत नाही. आणि मुलाचे पुढे काय होते त्यातला निम्मा वाटा त्या घराचा असतो. आपल्या मुलांचे बोर्डातले गुण पेढे वाटून सांगणाऱ्या आपण मंडळींनीही हे ध्यानात ठेवलेले बरे.

जिच्याबद्दल नातवाने मला सर्वांत आधी सांगितले होते ती जागा मी निघण्याच्या आदल्या दिवशी पाहिली. २००० सालच्या जत्रेत मिशिगन विद्यापीठाचा एक किडकिडीत मुलगा चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत धावला. अर्ध्या चड्डीतला त्याचा केविलवाणा फोटो अजून लोक एकमेकांना दाखवतात. सहा क्वार्टरबॅक त्याच्याआधी गेले. हा सहाव्या फेरीत, १९९ वा. न्यू इंग्लंडच्या संघाने त्याला घेतले, पहिले वर्ष जवळजवळ नुसते बसवून ठेवले, पण काढून टाकले नाही. तो टॉम ब्रेडी. त्याने सात सुपर बोल जिंकले, तेवढे आजवर कोणी जिंकलेले नाहीत.

तो धावला ते जुने घुमटाचे मैदान २००८ साली पाडले. तिथे आता अधिवेशनगृहाचा वाढीव भाग उभा आहे. मॅनिंगच्या पुतळ्यापासून थोड्याच पावलांवर. आम्ही गेलो तेव्हा सतरंजी अंथरलेल्या त्या लांबलचक दालनातून माणसे गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवून चालली होती. एक पारखी भिंतीला टेकून वहीत काहीतरी लिहीत होता. लिहिता लिहिता थांबला, पेन्सिलीने एक ओळ खोडली, आणि त्याच जागी पुन्हा लिहू लागला.