नेदरलँड्सची दैनंदिनी : मंगळवार, नायमेखन

सकाळी डेल्फ्टहून निघून उट्रेख्तला गाडी बदलली, पुढे आर्नेमही मागे पडलं. लेंट स्टेशन गेलं तशी गटातली सांगलीची एक विद्यार्थिनी जागेवरून उठून दाराच्या काचेशी उभी राहिली. जलसंपदा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलीने हा पट्टा नकाशात अनेकदा पाहिला होता. रुळांखाली आधी एक शांत पाणी आलं, मग लांबट बेट, आणि त्यापलीकडे मालवाहू बार्जनी गजबजलेली वाल नदी. समोरच्या चढावर नायमेखन शहर.

यातलं शांत पाणी 2012च्या आधी इथे नव्हतंच. तिथे लेंट गावातली घरं होती, शेतं होती आणि नदीला आवळून धरणारा बांध होता.

गोष्ट सुरू होते ती 1993 आणि 1995च्या पुरांपासून. 1995च्या जानेवारीअखेर इथल्या नद्यांच्या काठची सुमारे अडीच लाख माणसं घरं सोडून हलवावी लागली. बांध फुटले नाहीत, पण सगळा देश हादरला. तोवरचा रिवाज साधा होता, पाणी वाढलं की बांध वाढवायचा. पण बांध जितका उंच, तितकं तो फुटल्यावर होणारं नुकसान मोठं, कारण त्याच्या आडोशाने सखल जमिनीत वस्ती वाढतच जाते. म्हणून ‘रूम फॉर द रिव्हर’ हा कार्यक्रम आखला गेला. तीसहून अधिक ठिकाणं आणि सुमारे 2.3 अब्ज युरो खर्च. जर्मनीची हद्द ओलांडून येणाऱ्या ऱ्हाइनचं सेकंदाला 16,000 घनमीटर पाणी सुखरूप वाहून गेलं पाहिजे, हे उद्दिष्ट ठरलं. विद्यार्थिनीने वहीच्या कडेला लगेच हिशेब मांडला : साडेपाच लाख क्यूसेकच्या वर. सांगलीच्या माणसाला पूर कळतो तो क्यूसेकमध्ये आणि फुटांमध्ये.

त्या पाण्याचा जवळपास दोन तृतीयांश वाटा वाल नदीकडे येतो. नायमेखनपाशी नदी वळते आणि नेमकी तिथेच अरुंद होते. पुराचं पाणी इथे तुंबायचं. त्यामुळे लेंटचा बांध तब्बल 350 मीटर मागे नेला आणि मोकळ्या झालेल्या जागेत नदीसाठी नवी वाट खोदली. 2012च्या सुमारास काम सुरू झालं, 2016 साली संपलं.

दुपार गेली या नव्या वाटेच्या काठाने चालण्यात. तिच्या वरच्या तोंडाशी एक उंबरा बांधलेला आहे. एरवी नदीचं पाणी त्याच्या अलीकडेच राहतं, फुगलं की तो ओलांडून आत शिरतं. खालचं तोंड कायम उघडं. त्यामुळे उन्हाळ्यात लोक इथे पोहतात, होड्या वल्हवतात, आणि पुराच्या दिवसांत हीच जागा नदीला मोकळी मिळते.

बेटाला काठाशी जोडणारा झालिखे पूल तर मुद्दामच असा बांधलाय की पूर आला की त्याची टोकं पाण्याखाली जावीत. तिथे काँक्रीटचे सुटे ठोकळे ठेवलेत. पाणी थोडं चढलं की त्यांच्यावर पाय ठेवत पुलावर जायचं, फार चढलं की पूल विसरायचा. विद्यार्थिनी कोरड्या जमिनीवरच्या त्या ठोकळ्यांवरून एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली आणि पुन्हा मागे आली. पाणी कुठवर आलंय, हे इथे शाळकरी पोरालाही पायाने कळतं.

पण पुलापेक्षा मोठं शिक्षण घरांच्या विषयात होतं. बांध मागे घ्यायचा तर मधली सुमारे पन्नास घरं उठणार होती. लेंटच्या लोकांनी मुकाट्याने मान डोलावली नाही. विरोध झाला, वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या. हा काळ वाया गेला असं म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. बांध हलला तो या बोलण्यांमुळेच.

आणि सांगली? आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. या मुलीच्या घराचा तळमजला तेव्हा बुडाला होता. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा आपल्याकडेही आखलेल्या आहेत. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. रेषा आहे, तिच्या आत घरंही आहेत.

सोबतच्या प्राध्यापकांनी मात्र उत्साहाला वेळीच आवर घातला. ऱ्हाइनचा पूर जर्मनीतून येतो, त्याची वर्दी काही दिवस आधी मिळते. कृष्णेचं तसं नाही. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, कोयनेतून विसर्ग वाढतो, हरिपूरच्या संगमावर वारणा येऊन मिळते, आणि हे सगळं थोड्या वेळात घडतं. इथला नकाशा उचलून तिथे डकवता येणार नाही. पण पाणी नेमकं कुठे अडतं ते शोधायचं आणि तिथे पात्र रुंद करायचं, ही रीत नक्की नेता येईल.

संध्याकाळी सगळे ‘दे ओव्हरस्टेक’ पुलावर गेले. 20 सप्टेंबर 1944 रोजी इथून नदी पार करताना 48 अमेरिकन सैनिक मारले गेले. त्यांच्यासाठी पुलावर दिव्यांच्या 48 जोड्या आहेत. रोज अंधार पडताना त्या संथ लष्करी पावलांच्या गतीने एकामागून एक लागतात. कुणी काही बोललं नाही.

उद्या ओव्हरडीप पोल्डर, म्हणजे बांधांनी वेढलेली सखल शेतजमीन. तिथे पुराचं पाणी शेतात येऊ द्यायचं आणि घरं-गोठे सुमारे सहा मीटर उंच टेकाडांवर बांधायचे, हा तोडगा शेतकऱ्यांनीच सुचवला होता. आज तिथे अशा आठ टेकाडांवर शेती चालते, काही कुटुंबं मात्र जागा सोडून गेली. विद्यार्थिनीने तिथल्या शेतकऱ्यांसाठीचे प्रश्न रात्रीच लिहून ठेवले. पहिला असा : मोबदला हातात पडला तो काम सुरू होण्याआधी की नंतर?