आजीची मांडी आणि उलटी सीट

वसईहून डहाणूला माहेरी जायचं तर महामार्गावर चारोटी लागतंच. 4 सप्टेंबर 2022 रोजी तिथल्या सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. तेव्हापासून वसईची एक तरुण आई मागच्या सीटकडे संशयानेच पाहते.

घरातल्यांचं म्हणणं, बाळ आजीच्या मांडीवर सुखात असतं. असतंच, ब्रेक लागेपर्यंत! ताशी 50 किलोमीटरने धावणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर 10 किलोंचं बाळ धरणाऱ्या हातांना जवळजवळ 200 किलोंचं होतं. कुठली आजी तेवढं पेलणार?

म्हणून बाळासाठीची कन्व्हर्टिबल कार सीट. आधी गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड, मूल वाढलं की पुढे. तान्ह्याचं डोकं जड, मान कोवळी. उलटं बसवल्यावर समोरून बसलेला धक्का सबंध पाठीवर पसरतो. युरोपातल्या आर129 नियमानुसार किमान 15 महिने असंच बसवायचं. उलट्या सीटचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, सुलट्या सीटचे पातळीला किंवा वर. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर उलटी सीट कधीच नाही.

आपल्याकडे 2019च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेल्यास 1000 रुपये दंड आहे.

खरी अडचण छोट्या गाडीची. उलटी सीट बसली की पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यामुळे विकत घेण्याआधी ती आपल्याच गाडीत बसवून बघायची, दुकानदाराने कितीही नाक मुरडलं तरी.