अब्बांचा वाल

अब्बा गेले तेव्हा त्यांच्या कपाटात, चहाच्या जुन्या डब्यात, राखेत घोळवलेले वालाचे ११ दाणे सापडले. दरवर्षी ते परसात वाल लावायचे आणि पुढच्या वर्षासाठी शेंगा वाळवून ठेवायचे. आजारपणाच्या वर्षी वेल लावलाच गेला नाही. म्हणजे उरलं ते एवढंच.

मी शाळेत भाषा शिकवते, शेतीतलं मला काय कळणार? पण अब्बांच्या वेलाला काही कमी पडू द्यायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं. बकरी ईदच्या आधी आमच्या गल्लीत दारोदार बकरे बांधलेले असतात. त्यांच्या लेंड्या पोतं भरून गोळा केल्या आणि खड्ड्यात दाबल्या. वर दोन मुठी युरिया. पाऊस पडताच अकराच्या अकरा दाणे पेरले. एकही मागे ठेवला नाही, हे आज लिहितानाही पोटात गोळा येतो.

वेल माजला. गणपतीत कौलांवर चढला, दिवाळीला शेजारच्या काकूंची कपड्यांची दोरी गिळली. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी. येणारा-जाणारा कौतुक करायचा, मीही फोटो पाठवायचे. फूल मात्र एक नाही. वाल फुलतो थंडीत, दिवस लहान झाल्यावर, म्हणून वाट बघितली. डिसेंबर निम्मा सरला. काकूंच्या दारातला, खत न घातलेला वाल शेंगांनी लगडला होता.

अम्मी म्हणाली, "बाळंतिणीसारखं खाऊ घातलंस त्याला, बाळ होण्याआधीच!"

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मुळं उकरून बघायला सांगितलं. वालाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला पुरवतात. माझ्या वेलाला शोधूनही दोन-चारच बारीक गाठी सापडल्या. युरियात ४६ टक्के नत्र. आयतं मिळत असताना वेल गाठी कशाला धरील? आणि नत्र जास्त झाला की सगळा जोर पानांवर. अब्बा चुलीतली राख तेवढी टाकायचे. मला ती कंजुषी वाटायची.

खत बंद केलं, पाणी तोडलं, शेंडे खुडले. जानेवारीच्या शेवटी काकूंनी भिंतीवरून हाक मारली. त्यांच्याकडे गेलेल्या फांदीला जांभळा तुरा आला होता. माझ्या बाजूला काहीच नाही.

शेंगा धरल्या २१. काकूंनी भाजीला एकीलाही हात लावला नाही. मार्चअखेर वाळल्यावर दाणे निघाले ५७, त्यांतले ९ किडके.

अम्मीने डबा मागून घेतला. राख घातली, दाणे मोजले, आणि त्यांतले दहा वेगळे काढून पुडी बांधली.

"ही काकूंकडे देऊन ये," म्हणाली. "तुझ्याकडे सगळे नकोत."