तार की तेल?

पूर्वी सायकल घ्यायची म्हणजे प्रश्न फार थोडे असत. काळी की हिरवी? एका दांड्याची की दोन दांड्यांची? हिरो, अ‍ॅटलास, हर्क्युलस की रॅले, याबाबतीत घराण्याच्या निष्ठा आधीच ठरलेल्या असत. त्यावरून भावाभावांत अबोला धरल्याचीही उदाहरणं आहेत. कॅरियर, स्टँड, घंटी, डायनॅमो यांच्यावर तासन्‌तास चर्चा चाले. ब्रेकबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे. लग्नात नवऱ्यामुलाबरोबर त्याचे मामा येतात, तसे ब्रेक सायकलबरोबर येत. त्यांना कुणी निवडत नाही.

आणि ते ब्रेक तरी काय, हँडलखालून निघालेल्या लोखंडी सळ्या! लिव्हर दाबली की सळी ओढली जायची आणि रबराचे दोन ठोकळे रिमला जाऊन चिकटायचे. हे पहिल्या पावसापर्यंत. रिम ओली झाली की ते ठोकळे थांबवण्याचं काम सोडून रिमची नुसती विचारपूस करायचे. मग उरायची ती चप्पल. गुलमंडीच्या ऐन गर्दीत उजव्या पायाची चप्पल रस्त्यावर घाशीत थांबणारे वीर आमच्या पिढीनं भरपूर पाहिले आहेत. त्या काळी ब्रेकचा सगळा खर्च चपलांच्या दुकानात जायचा. उजवी चप्पल आधी झिजली असेल, तर माणूस सायकलवाला आहे हे ओळखावं.

हा सगळा इतिहास आठवायचं कारण म्हणजे आमची कन्या. अकरावीत गेल्यावर तिनं जाहीर केलं, की तिला डोंगरात चालणारी सायकल हवी आणि दर रविवारी मैत्रिणींबरोबर म्हैसमाळला जायचं आहे. आमचं शहर २०२३ पर्यंत औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. पण रस्ता तोच. दौलताबादचा किल्ला, मग घाट, मग खुलताबाद आणि पुढं म्हैसमाळचा चढ. चढाची मला काळजी नव्हती. चढावर कुणी पडत नाही, फार तर बसतं. प्रश्न उताराचा होता.

दुकानात गेलो तर एकाच सायकलची दोन रूपं शेजारी शेजारी उभी. रंग तोच, टायर तेच, गिअर तेच. दोन्हींच्या चाकांच्या मधोमध जाळीदार चकती. फरक फक्त किमतीत, आणि तोही काही हजारांचा. "ही मेकॅनिकल, ही हायड्रॉलिक," दुकानदार म्हणाला. आवाज अगदी 'ही साधी थाळी, ही स्पेशल' असा.

प्रकरण तसं समजायला अवघड नाही. ब्रेक दोन्हींकडे चकतीलाच लागतो, म्हणजे रिम चिखलानं माखली तरी बिघडत नाही. मेकॅनिकल म्हणजे तारेचा ब्रेक. लिव्हर दाबली की पोलादी तार ओढली जाते, ती खालच्या चिमट्याचा हात ओढते आणि पॅड चकतीवर दाबलं जातं. बहुतेक तारेच्या ब्रेकांत एकच पॅड हलतं. दुसरं जागच्या जागी बसून असतं, कार्यालयात एक टेबल काम करतं आणि दुसरं सही करतं तसं. हायड्रॉलिक म्हणजे तेलाचा. इथं तार नाही, तेलानं भरलेली बारीक नळी आहे. लिव्हर एक छोटा दट्ट्या ढकलते, तेल दबतं आणि खालचे दोन मोठे दट्टे दोन्ही बाजूंनी पॅड चकतीवर आणतात. छोट्या दट्ट्यानं मोठा दट्ट्या ढकलला की जोर वाढतो, हे पास्कलनं सतराव्या शतकातच सांगून ठेवलं आहे.

आमच्या गावच्या माणसाला तर हे पास्कलशिवायही कळावं. जुन्या विहिरीवरची मोट म्हणजे मेकॅनिकल: दोर ओढा, पाणी येईल. आणि पाणचक्की म्हणजे हायड्रॉलिक: दूरच्या डोंगरातलं पाणी बंद खापरी नळातून येतं, आपल्याच दाबानं उंच भिंतीत चढतं आणि खाली पडून जातं फिरवतं. दोर दिसतो. दाब दिसत नाही. माणसाचा विश्वास नेहमी दिसणाऱ्या गोष्टीवर बसतो, आणि इथंच आमच्या कॉलनीत दोन तट पडले.

शेजारचे काका वाळूजच्या एका कारखान्यातून मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झालेले. सारा जन्म हायड्रॉलिक प्रेसच्या संगतीत गेला. ते म्हणाले, "तेल तिथं गळती. लिहून ठेवा." समोरचे मास्तर विज्ञानाचे. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात गणितच मांडलं. "शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर, म्हैसमाळ १०६७ वर. म्हणजे उतार झाला ५०० मीटरचा. मुलगी आणि सायकल मिळून धरा ७० किलो. ही सगळी शक्ती कुठं जाणार?"

"कुठं?" मी.

"उष्णतेत! एक लिटर पाण्याला उकळी येईल एवढी. सात-आठ कप चहाचं आधण!"

मग त्यांनी कबूल केलं, की यातला बराच भाग वारा आणि टायर खातात. पण उरलेला त्या बारीकशा चकतीवर आणि पॅडवरच येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७६ साली काही तरुण जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडण्याच्या शर्यती लावू लागले. त्यांचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत, पॅडल उलटं मारलं की लागणारे. एका उतारात आतलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचंच नाव पडलं रीपॅक, म्हणजे 'पुन्हा भरा'. आजच्या डोंगरी सायकलीचं एक मूळ तिथं आहे.

काकांनी तेवढ्यात मुद्दा उचलला. "आणि ते तेल संपलं की मी गॅरेजमधून आणून देतो."

इथं मात्र थांबायला हवं. सायकलच्या ब्रेकमध्ये दोन जातींची तेलं असतात आणि त्यांची सोयरीक जमत नाही. शिमानोसारखी कंपनी खनिज तेल वापरते. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकांना मोटारीत असतं तसं डॉट तेल लागतं. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. शिवाय डॉट तेल हवेतलं पाणी पितं. पाणी मिसळलं की ते लवकर उकळतं, वाफ दबते, आणि लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकते. म्हणून ते ठरावीक काळानं बदलावं लागतं.

कोपऱ्यावरचे पंक्चरवाले चाचा तारेच्या बाजूचे निघाले. त्यांचं म्हणणं मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटलं. "देखो साब, तार घिसती तो दिखती. एकेक धागा टूटता, आपको बोलता. मैं दस मिनट में नवी डाल देतूं. तेल का ऐसा नै. हवा घुसी तो मेरे पास क्या इलाज?" खुलताबादच्या पुढं तार तुटली तर ती कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळेल. नळी फुटली तर तेल, पिचकारी आणि ते काम येणारा माणूस, तिघंही एकदम भेटायला हवेत. दूरदूर भटकणाऱ्यानं, खिशाला चिमटा असणाऱ्यानं आणि ज्याला स्वतः पाना फिरवायला आवडतो त्यानं खुशाल तार घ्यावी. चांगला तारेचा ब्रेक हा रड्या तेलाच्या ब्रेकपेक्षा केव्हाही बरा. फक्त पॅड झिजेल तशी तार ताणून घ्यायला हवी. तेलाचा ब्रेक ती झीज आपणहून भरून काढतो.

असा आठवडाभर वाद झाला. चहा मास्तरांच्या आधणापेक्षा जास्त लागला. चहा आणून देणारी आमची ही इतके दिवस काही बोलली नव्हती. शेवटच्या दिवशी ट्रे ठेवताना तिनं एवढंच विचारलं, "हात दमल्यावर कुठला दाबवतो?"

सगळे गप्प.

"पहिली पोळी कुणीही लाटतं," ती म्हणाली. "पन्नासाव्या पोळीला मनगट काय म्हणतं ते विचारा."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात आली. लेकीला तारेच्या ब्रेकची लिव्हर पन्नास वेळा दाबायला लावली, मग जरा विसावा देऊन तेलाची पन्नास वेळा. स्वतः प्रदक्षिणा मोजाव्या तशी मोजत उभी. दुकानदार आधी हसला, मग खुर्चीवर बसला. तारेच्या ब्रेकवर पोरीनं सुरुवात दोन बोटांनी केली होती. चाळिशीच्या पुढं तिसरं बोट मदतीला आलं. तेलाची पन्नासावी लिव्हर तिनं पहिलीसारखीच दाबली, एका बोटानं. पोरीचे हात लहान. श्रावणात शनिवारी भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, वर पावसाची झिमझिम असते. तिथं घाटातल्या शेवटच्या वळणावर जे बोट दमलेलं नसेल, तेच कामाचं. मी निमूटपणे पैसे मोजले.

सायकल घरी आली आणि आमच्या पिढीच्या सगळ्या सवयी निकालात निघाल्या. पंक्चर म्हटलं की आम्ही सायकल उलटी करणार. तेलाच्या ब्रेकला ते मानवेलच असं नाही. टाकीतली हवा नळीत शिरते आणि लिव्हर मऊ पडते. उलटी केलीच, तर सरळ करून चार वेळा दाबून पाहायची. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायची नाही, नाहीतर दट्टे पुढं येऊन बसतात आणि चकती आत जात नाही. मधे काहीतरी जाड घालून ठेवायचं. आमच्याकडे त्यासाठी लग्नपत्रिका राखून ठेवल्या आहेत. इतकी वर्षं त्यांचं काय करावं हे कळत नव्हतं.

चालवण्याचे धडेही नवे. खरं थांबवतो तो पुढचा ब्रेक, पण तो हळुवार दाबायचा आणि अंग मागं टेकवायचं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नव्हे. आणि उतारभर ब्रेक धरून बसायचं नाही. दाबायचा, सोडायचा, चकतीला निवायला वेळ द्यायचा. संसारालाही हे लागू आहे असं मास्तर म्हणतात, पण ते बोलताना घरात त्यांच्या सौभाग्यवती नाहीत याची खात्री करून घेतात.

एक प्रसंग मात्र थोडक्यात टळला. पावसात भिजून आलं की ते ब्रेक केकाटतात. काकांचा सिद्धांत असा, की जगात जे जे करकरतं त्याला तेल हवं. एका रविवारी ते शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन चकतीपाशी उकिडवे बसलेच होते. कन्या अशी ओरडली, की समोरच्या गॅलरीत माणसं आली. चकतीला तेलाचा थेंब लागला की पॅड ते पिऊन टाकतं, आणि मग सायकल थांबते ती भिंतीला. काका खजील झाले. "पण एवढं वाजतंय ते!" म्हणाले.

आमची ही दारातच उभी होती. रविवारी दुपारी अकरा वाजल्यापासून ती काही ना काही कारणानं दारातच असते.

"वाजू द्या हो काका," ती म्हणाली. "फाटकाशी वाजलं की मी कुकर लावते."