अण्णांचा गुणाकार

मंडळी, फराळाची बशी जरा बाजूला ठेवा आणि कागद-पेन्सिल घ्या. नऊ वेळा एक लिहा: १११११११११. या संख्येला तिनेच गुणा, शाळेत करायचो तसं, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवत. उत्तर येईल १२३४५६७८९८७६५४३२१.

यात जादू नाही. उजवीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत एकच एक, पुढच्या रांगेत दोन, असं करत मधल्या रांगेत नऊ, मग पुन्हा उतरण. कुठेच बेरीज नऊपुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही.

या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. तिला ८१ ने नि:शेष भाग जातो आणि भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. (आठ गाळलेला नाही, तिथे तो नाहीच!) स्वत:च्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना द. रा. कापरेकरांनी 'हर्षद' असं नाव दिलं. आणि आपल्या या संख्येच्या कुळाला त्यांनी नाव दिलं 'डेमलो'. डेमलो म्हणजे डोंबिवली! जीआयपी रेल्वेच्या त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर पोहोचलं.

माझे वडील डोंबिवलीचेच. रोज लोकलने फोर्टातल्या कचेरीत जात. मी इथे पीएच.डी. करत असताना त्यांचा एक निळा एअरोग्राम आला. त्यावर हाच गुणाकार मांडलेला आणि खाली प्रश्न: "दहा एक घेतले तर उत्तर बिघडतं. माझं कुठे चुकलं ते कळव."

मी उलट टपाली लिहिलं, "अण्णा, ही करमणूक आहे, गणित नव्हे." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नातीने जेवणाच्या टेबलावर तोच प्रश्न विचारला. तेव्हा मी जुन्या ट्रंकेतून तो एअरोग्राम शोधून काढला. अण्णांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात उत्तर लिहिलं होतं: १२३४५६७९००९८७६५४३२१. मी नातीबरोबर बसून एकेक रांग तपासली. मधल्या रांगेत दहा होतात, पहिल्यांदाच हातचा येतो, तो शेजारच्या नवाला जाऊन मिळतो, त्याचेही दहा होतात, आणि तो हातचा पुढच्या आठाचा नऊ करतो. तिथे हातचा थांबतो.

अण्णांचा एकही अंक चुकला नव्हता. नमुना कुठे मोडतो हे त्यांनी हाताने शोधलं होतं, आणि तो का मोडतो हे विचारणं, मंडळी, हेच तर गणित! चाळीस वर्षं मी वर्गात तेच शिकवलं. घरी मात्र "तुमचं बरोबर आहे" एवढे तीन शब्द लिहायचे राहून गेले.

या दिवाळीत तुमच्या घरातलं कुणी, लहान असो वा थोर, आकड्यांचं काही कोडं घेऊन आलं, तर हातातला फोन खाली ठेवा आणि शेजारी बसा. शुभ दीपावली!