औषध नंतर, आधी जाळी वाळव

मालवण, जुलै

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र मिळालं. टोरांटोच्या बेसमेंटमध्ये मीठ कालवून समुद्र तयार करणाऱ्या माणसाने समुद्राच्या कडेला राहणाऱ्याला सल्ला विचारावा, हे मला आवडलं. अंगठ्याएवढ्या क्लाऊनफिशसाठी तू एवढा जीव टाकतोस हे वहिनींना पटत नसेल, पण मला पटतं. मात्र एक सांगतो, राग मानू नकोस. कुठलं औषध, किती थेंब, हे तू पानभर विचारलंस. जाळी, हीटर, पंप, नळ्या यांचं काय करायचं याबद्दल एक ओळ नाही. आणि ठिपक्यांचा हा रोग बरा होऊन परत येतो तो बहुतेक त्यांच्यावरूनच.

तू लिहिलेले मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन असणार. एकपेशीय जीव. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरतो, तीन ते सात दिवस तिथे खातो, फुगतो आणि मासा सोडून खाली पडतो. हे बहुतेक अंधारात होतं, म्हणून सकाळी मासा एकदम स्वच्छ दिसतो आणि आपण म्हणतो, लागू पडलं औषध! तोवर खाली पडलेले ते जीव काचेला, वाळूला, जाळीच्या गाठीला चिकटून स्वतःभोवती कवच करायला लागलेले असतात. एकेका कवचातून दोनशेच्या आसपास पिल्लं निघू शकतात. बहुतेक कवचं तीन-चार आठवड्यांच्या आत फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लांना दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

तुझं तांब्याचं औषध मारतं ते या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. कवचाच्या आत ते पोचत नाही. म्हणजे तू पंधरा दिवस इमानदारीने औषध दिलंस आणि त्याच ओल्या जाळीने मासा उचलून मोठ्या टाकीत सोडलास, की मुळापासून सुरुवात.

तांबं द्यायचं ते वेगळ्या, रिकाम्या टाकीत. मोठ्या टाकीत पडलं तर कोरल, कोळंबी, खेकडे सगळे जातील, शिवाय दगड आणि चुनखडीची वाळू ते शोषून घेईल. साध्या आयनिक तांब्याचं प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. बांधलेलं म्हणजे चिलेटेड तांबं असेल तर हा आकडा विसर, बाटलीवरचं वाच आणि त्याच प्रकाराला चालणारं टेस्ट किट घे. औषधाबद्दल एवढं पुरे.

आता पंप. तो बंद करून सोडव, पुढचं झाकण फिरवून काढ आणि आतलं चुंबकाचं पातं ओढून बाहेर घे. पात्याच्या मुळाशी, जिथे बोट जात नाही, तिथे चुन्याची पांढरट खपली बसलेली दिसेल. ती काढल्याशिवाय ब्लीच ओतून उपयोग नाही, कारण कवचं त्या खपलीच्या आडोशाला असतात. म्हणून आधी व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजव, दातांच्या जुन्या ब्रशने घास, भरपूर पाण्यात धू. मगच ब्लीच. व्हिनेगर आणि ब्लीच एकाच बादलीत कधीही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बेसमेंटला खिडकी ती केवढी!

आमच्याकडे ब्लीचचं काम टीसीएल पावडर करते, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. ती पावसाळ्यात उघडी राहिली की तिची ताकद उडते, नुसता वास उरतो. तुझ्याकडे बाटलीतलं मिळेल; सुगंधी किंवा साबण मिसळलेलं घेऊ नकोस. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, अर्धा तास. मग धुऊन क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात बुडव आणि वास पूर्ण जाईपर्यंत धू. हीटर मात्र आधी प्लग काढून गार होऊ दे, नाहीतर काच तडकते. स्पंज आणि हवेच्या नळ्या धुण्याच्या भानगडीत पडू नकोस, सरळ फेकून दे. चार डॉलरची नळी वाचवायला जाशील आणि मासा घालवशील.

एवढं करूनही शेवटचं काम उरतं ते वाळवण्याचं, आणि माझ्या मते तेच खरं काम. क्रिप्टोकॅरिऑनचं कवच तांब्याला दाद देत नाही, पण कोरडं पडलं की संपतं. औषधाशिवाय हा रोग काढण्याची एक रीत आहे, ती पूर्णपणे यावरच उभी आहे. दर तीन दिवसांनी मासे वाळवून नव्याने भरलेल्या टाकीत हलवायचे आणि मागची टाकी सामानासकट धुऊन खडखडीत वाळवायची. असं चार वेळा केलं की ठिपका धरायला जागाच राहत नाही. फक्त अंगावर बारीक भुकटी दिसली, मासा धापा टाकायला लागला, तर तो वेगळा रोग, अमायलूडिनियम. त्याला ही रीत चालत नाही, आणि तो वाटही बघत नाही.

ऑक्टोबरात मी तुला म्हटलं असतं, इथल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापणीची जाळी पसरतात तशी दिवसभर उन्हात टाक. आत्ता? १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या झापांखाली, आणि आमच्याकडे रुमालसुद्धा चार दिवसांत वाळत नाही. शेजारची काकी मला जाळी ब्लीचमध्ये बुडवताना बघून म्हणाली, "वाळाक घाल रे, त्या पाण्यात काय बुडवतस?" म्हटलं, काकी, ऊन आण. या दिवसांत इथे ब्लीचशिवाय इलाज नाही. तुझ्याकडे डीह्युमिडिफायर आहे. तो चालू करून त्याच्यासमोर सगळं सुटं मांड. बोट लावून पाहू नकोस. जाळीची गाठ आणि पंपाचा कोपरा आतून ओलाच असतो. दोन दिवस जास्त जाऊ देत.

आजारी टाकी मोठ्या टाकीपासून तीन-चार मीटर लांब ठेव. हवेच्या बुडबुड्यांचे तुषार उडतात, त्यातून अमायलूडिनियम शेजारच्या टाकीत गेल्याचे प्रयोग झालेले आहेत. काम आधी निरोग्या टाकीचं, आजारी टाकीचं सगळ्यात शेवटी. मग कोपरापर्यंत हात धू आणि पूस. दोन्हीकडच्या जाळ्या वेगळ्या. एकीला लाल दोरा बांध, म्हणजे मुलंही गल्लत करणार नाहीत.

मोठी टाकी धुऊ नकोस. तिच्यात मासा नको, एवढंच. कोरल, शंख, खेकडे राहू देत आणि अडीच महिने कळ काढ. जीव कंटाळेल, नवे मासे आणावेसे वाटतील. आणू नकोस.

आणि हो, "मालवणहून एखादा कोरलचा तुकडा आण" हे तू गमतीत लिहिलंयस असं धरून चालतो. इथलं सागरी अभयारण्य १९८७चं आहे आणि कोरलला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. मेलेला तुकडासुद्धा मी उचलणार नाही.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत

ता. क. तांब्याचं पाणी बागेत किंवा रस्त्याकडेच्या गटारात ओतू नकोस, ते तळ्यात जातं. सांडपाण्याच्या मोरीतच सोड. आणि पंप उघडलास की पात्याच्या मुळाचा फोटो पाठव, खपली निघाली की नाही ते मी सांगतो.